रोहिणी उर्फ आकाशकंदील

गच्चीची किल्ली आमच्या सोसायटीत दोनच कारणांसाठी मिळते: पाण्याची टाकी आणि सण. तिसरं कारण घेऊन जाणारी मी पहिलीच. सेक्रेटरी परशुरामभाऊंनी माझा अर्ज उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला, आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "मॅडम, विमान?"

"ग्लायडर," मी म्हटलं. "इंजिन नसलेलं विमान. त्याची प्रतिकृती. मूळच्या एक अष्टमांश."

"म्हणजे उडणार?"

"नाही. उडवायचं नाहीये. नुसतं करायचंय."

"मग गच्ची कशाला?"

प्रश्न रास्त होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख दोन मीटरच्या थोडे वर भरत होते. तेवढी सलग मोकळी जागा आमच्या घरात एकच आहे, ती दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जाते, आणि तिच्यावरून माझा नवरा सुधीर दिवसभर चहासाठी ये-जा करतो. शिवाय वार्निशचा वास. गच्चीवर लिफ्टच्या मशीनशेजारी पत्र्याची एक खोली रिकामी आहे, तिथे मला दिवाळीपर्यंत बसू द्यावं, एवढीच माझी विनंती होती.

"माझं काही नाही हो," परशुरामभाऊ म्हणाले. "पण नियमात विमान बसत नाही. आज तुम्हाला दिलं तर उद्या कोणी म्हणेल मला होडी करायचीय. तुम्ही असं करा ना, सामान काय लागणार?"

"कामट्या, पतंगाचा कागद, खळ, दोरा."

"झालं तर मग! 'आकाशकंदील' लिहा. सणाचं काम. विषय संपला."

मी सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत केली. पिवळा आणि किंचित पिवळा यांच्यात फरक करणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. नसलेल्या गोष्टीला असलेल्या गोष्टीचं नाव मी कधी दिलेलं नाही. पण परशुरामभाऊंनी पेन पुढे केलं होतं, आणि किल्ली त्यांच्या दुसऱ्या हातात होती. मी 'विमानाची प्रतिकृती' खोडून 'आकाशकंदील' लिहिलं. पुढचं सगळं त्या एका शब्दातून निघालं.

हे सगळं कशासाठी, ते आधी सांगते. वेळ कमी होता. सहदेव घाणेकर सरांचं सहस्रचंद्रदर्शन दिवाळीच्या आदल्या रविवारी ठाण्याला होतं. कॉलेजात असताना मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते, आणि सुट्टीत पुण्याला सरांनी आम्हाला ग्लायडर शिकवलं. त्या ग्लायडरचं नाव रोहिणी. लाकूड आणि कापड, आणि दोन सीटा शेजारी शेजारी. उजवीकडे सर, डावीकडे मी. माझा डावा पंख कायम खाली जायचा आणि सर समोर बघतच म्हणायचे, "रेडकर, डावा पंख." रेडकर हे माझं माहेरचं आडनाव. मग एका सकाळी ते उतरले, पट्टा रिकाम्या सीटवर नीट बांधून ठेवला, आणि म्हणाले, "जा." बस, एवढंच. मी गेले आणि आले. त्यानंतर आयुष्यात जेव्हा जेव्हा शेजारची सीट रिकामी झाली, तेव्हा मी ती सकाळ वापरली. सरांना हे कधी सांगितलं नाही. मला आभार मानता येत नाहीत. मी बोलायला लागले की ते चाचणीच्या अहवालासारखं ऐकू येतं. म्हणून ठरवलं, बोलायचंच नाही. रोहिणी करून न्यायची.

सरांची सून संचिता फोनवर म्हणाली होती, "काकू, आहेर काही आणू नका हां, पत्रिकेत लिहिलंय. पण तुम्ही विमान करताय म्हटल्यावर बाबा रोज विचारतायत. सगळे फोटो सव्वीस जुलैच्या पुरात गेले ना आमचे. ते म्हणाले, रेडकरला सांग, आण. एकदा बघायचीय."

त्यामुळे ती रविवारपर्यंत होणं आणि ठाण्यात कोपरीच्या हॉलला धड पोचणं, याला पर्याय नव्हता.

मी कामाला लागले. पहिल्या दिवशी कामट्या तासल्या. दुसऱ्या दिवशी प्रेक्षक आले. आमच्या सोसायटीत गच्चीवर एकटं बसलेल्या माणसाची लोक काळजी करतात, हा त्यांचा चांगुलपणा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या हौसाबाई पापड वाळत घालायचं निमित्त करून आल्या. ऑक्टोबरात पापड कोण घालतं, हे मी विचारलं नाही.

"कंदील हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"विमान आहे, हौसाबाई."

"परशुरामभाऊ तर कंदील म्हनत हुते. विमानाचा कंदील व्हय? मग पंखा कुठाय म्होरला?"

"त्याला पंखा नसतो. इंजिनच नसतं."

"मग वर जातं कसं?"

"खाली एक यंत्र असतं, ते लांब दोर जोरात ओढतं. पतंगासारखं. वर गेलं की दोर सोडायचा."

हौसाबाईंनी पापडाचं ताट खाली ठेवलं. "आन् तुमी बसलावता त्यात?"

"एकटी."

"कुनी बसवलं वो तुमाला त्यात?" त्यांचा स्वर असा होता की सरांचा पत्ता दिला असता तर त्या जाब विचारायला गेल्या असत्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्या मोरचूद घातलेली खळ स्वतः शिजवून घेऊन आल्या. "तुमची पातळ हुती," म्हणाल्या. खरोखर पातळ होती. प्रयोगशाळेत जन्म काढून माझी खळ पातळ निघावी, याचं वाईट वाटलं, पण त्यांच्या खळीने कागद असा बसला की सुरकुती नाही.

प्रत्येकाचं एक मत होतं. कोणी म्हणालं पिवळा कागद लावा, पांढरा अशुभ दिसतो. कोणी म्हणालं शेपटीवर ओम काढा. पंखा कुठाय, हे सगळ्यांनीच विचारलं. सगळ्यात मोठा आक्षेप चाकावर होता. रोहिणीला चाक एकच, पोटाखाली मधोमध. त्यामुळे जमिनीवर ती नेहमी एका पंखावर कलून बसते. उड्डाणाच्या वेळी एक जण पंखाचं टोक हातात धरून तो समतल करतो, आणि पंख समतल झाला म्हणजेच वैमानिक तयार आहे, ही खूण. मग दोर ताणला जातो, आणि पंख धरणारा चार पावलं बरोबर पळतो. हे मी किमान सात जणांना समजावलं, आणि सातही जणांनी शेवटी मान हलवून सांगितलं, "हो, पण वाकडं झालंय ते."

पण काम होत होतं. पंखातली एकेक फासळी मी वेगळी कापली, प्रत्येकीला मुळात असतात तशी वजन कमी करणारी भोकं पाडली. पुढच्या काचेमागे होकायंत्राची तबकडी काढली, उडदाच्या डाळीएवढी. आणि पंख काढता-घालता येतील असे केले, खऱ्या ग्लायडरसारखे. सांध्यात मुद्दाम केसभर जागा ठेवली, म्हणजे पंख अलगद निघेल. गच्चीच्या दारातून, जिन्यातून, टॅक्सीतून रोहिणी सुटी सुटी जाणार आणि ठाण्याला जोडली जाणार. या आखणीचा मला अभिमान होता, हे लपवत नाही.

शनिवारी मी कल्याणला मावसबहिणीकडे दिवाळीचं द्यायला गेले. संध्याकाळी परत आले तर सोसायटीच्या फाटकापाशी गर्दी. सगळ्यांच्या माना वर. मीही वर बघितलं.

रोहिणी गच्चीच्या कठड्याबाहेर कप्पीला टांगलेली होती, आणि आतून पेटली होती. म्हणजे आग नव्हे, दिवे. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत दिवे. नाकावर पुठ्ठ्याचा सोनेरी पंखा. पंखांच्या टोकांना झिरमिळ्या.

"मॅडम आल्या!" कोणीतरी ओरडलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाळ्यांना कसा प्रतिसाद दिला ते आठवत नाही. वर गेले. परशुरामभाऊ घामाने निथळत, अत्यंत समाधानी चेहऱ्याने उभे होते. "सरप्राइज!" ते म्हणाले. "तुम्ही एकट्याने किती करणार? आम्हीपण हातभार लावला. यंदा सोसायटीने दुसरा कंदील घेतलेलाच नाही. म्हटलं, मॅडमचा येतोय."

"दिवे आत कसे गेले?"

"एलईडीची पट्टी आहे. तुम्ही भोकं ठेवलेलीच होती ना त्या फासळ्यांना, त्यातून ओवली. काय डोकं लावलंय मॅडम तुम्ही, वायरिंगचा आधीच विचार!"

"आणि पंखा?"

"सगळे विचारत होते," परशुरामभाऊ म्हणाले. "सारखं किती जणांना उत्तर द्यायचं!"

तेवढ्यात सुधीर पुढे आला. लग्नाच्या वाढदिवसाची भेट देताना त्याचा असतो तसा चेहरा. "अगं, तुझ्या लक्षात आलं नव्हतं, पण तो सांधा ढिला होता. पंख हलत होते. वायर सारखी निसटत होती. मी एपॉक्सी भरून पक्कं करून टाकलं. आता हत्ती बसला तरी हलणार नाही."

मी खाली बसले. पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर. मला राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. एवढी माणसं एवढ्या आनंदात होती. उद्या सकाळी ही ठाण्याला न्यायची आहे, हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. पंख आता निघणार नाहीत. पंखांसकट ती गच्चीच्या दारातून जाणार नाही.

सुधीरचा चेहरा बघवेना.

"दारातनं कशापायी न्यायची?" हौसाबाई म्हणाल्या. "भायेरच हाय की ती. खाली सोडा."

रविवारी सकाळी आम्ही तिला खाली सोडली. सोनेरी पंखा मी काढला. उजवीकडच्या झिरमिळ्याही काढल्या. डावीकडच्या हौसाबाईंनी स्वतःच्या खळीने चिकटवलेल्या होत्या आणि त्या कागदासकटच निघाल्या असत्या, म्हणून राहू दिल्या. दिव्यांची पट्टी काढायची तर सगळा कागद फाडावा लागला असता. वायर पोटाखाली गुंडाळून ठेवली आणि ती कोणाला दिसू नये, एवढी इच्छा धरली.

परशुरामभाऊ आणि सुधीर वरून दोर सोडत होते, मी खाली उभी होते. पाचवा मजला, चौथा मजला. मग दोन इमारतींच्या मधून वारा आला. रोहिणीने नाक वाऱ्याकडे वळवलं, आणि दोर सैल पडला. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. सैल दोराचा अर्थ मला कळतो: वजन दोरावर नव्हतं, वारा ते पेलत होता. क्षणभरच. एक अष्टमांश रोहिणी, पट्टी, एपॉक्सी आणि झिरमिळ्यांसकट, उडत होती.

"सुधीर, ओढू नको!" मी ओरडले. लग्नानंतर मी एवढ्या मोठ्याने बोलल्याचं सोसायटीने ऐकलं नव्हतं.

मग वारा पडला, ती वळली आणि थेट तिसऱ्या मजल्यावरच्या हौसाबाईंच्या गॅलरीकडे निघाली. हौसाबाई तिथे कठड्याला टेकून उभ्याच होत्या. त्यांनी हात पुढे केला, पंखाचं टोक दोन बोटांत अलगद धरलं, ती सावरेपर्यंत धरून ठेवलं, आणि सोडून दिलं. मैदानावर आम्हाला शिकवलं होतं, अगदी तसं.

"जा बाय," त्या रोहिणीला म्हणाल्या. मग गॅलरीतून वाकून मला म्हणाल्या, "थांबा, मी बी येते. हे तुमच्यानं एकटीनं निभायचं न्हाई."

टॅक्सीचा प्रश्नच नव्हता. परशुरामभाऊंच्या ओळखीचा टेम्पो आला, उघडा. ड्रायव्हरने विमान नाक पुढे करून ठेवलं. मी ते उलटं ठेवायला लावलं, शेपूट पुढे. "मागे तोंड करून?" त्याने विचारलं. मी सांगितलं की नाक पुढे ठेवून तू जोरात निघालास तर शिळफाट्यापर्यंत ती तुझ्या टेम्पोत राहीलच असं मी लिहून देऊ शकत नाही. त्याने पुढे एकदाही वेग वाढवला नाही. मागे आम्ही चौघं: मी नाकाशी, सुधीर शेपटीशी, परशुरामभाऊ उजव्या पंखाशी, हौसाबाई डाव्या. रस्त्यावरच्या प्रत्येक सिग्नलला मुलं हात हलवत होती आणि परशुरामभाऊ ते स्वतःसाठी समजून उलट हात हलवत होते.

एका नाक्यावर हवालदाराने बाजूला घेतलं.

"हे काय?"

"आकाशकंदील, साहेब," परशुरामभाऊ म्हणाले. "सोसायटीचा. अर्ज आहे."

"विमानासारखा दिसतो."

"विमानच आहे," मी म्हणून गेले. सुधीरने डोळे मिटले.

हवालदार माझ्याजवळ आले. वयस्कर होते, समजूतदार होते. "आई, असं बघा. विमान असेल, तर उडतं का, ड्रोन आहे का, परवानगी कोणाची, मला वर विचारावं लागेल. आज रविवार. साहेब संध्याकाळी येतील. आणि कंदील असेल, तर जा. काय आहे सांगा."

खोटं मला बोलता येत नाही, आणि सर वाट बघत होते. मी विचार केला. मग वायर पोटाखालून बाहेर ओढून त्यांना दाखवली. "आत दिवे लागतात," मी म्हटलं. हे पूर्ण सत्य होतं.

"मग कंदीलच की," ते म्हणाले. "हॅपी दिवाली."

कोपरीतला हॉल गच्च भरला होता. मधोमध खुर्चीत सर. अंगावर शाल, गळ्यात हार, आणि इतके बारीक झालेले की हार त्यांना घालून बसल्यासारखा दिसत होता. संचिता धावत आली. "काकू, किती सुंदर! पण जरा लांब ठेवाल का? आता एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचंय, आणि हा कागद…" आम्ही रोहिणी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर टेबलावर ठेवली. ती डाव्या पंखावर कलून बसली. हौसाबाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

मी सरांच्या पायाशी वाकले. "सर, मी रेडकर. रोहिणी आणलीय."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला बघितलं, माझ्याकडे नव्हे. मग मला कळलं.

"रेडकर," ते म्हणाले. "आण म्हणालो खरा. पण आता मला वस्तू दिसत नाहीत गं. उजेड-अंधार तेवढा कळतो. घरी सांगितलं नाही मी नीट. उगाच डॉक्टर बदलत बसतात."

"हाताने बघा, सर. मी जवळ आणते."

त्यांनी हात उचलला. तो थरथरत होता. त्यांनी तो पुन्हा मांडीवर ठेवला. "नको. मोडेल माझ्याकडून."

उडदाच्या डाळीएवढी तबकडी, वेगळी कापलेली फासळी न् फासळी, सगळं बरोबर होतं, आणि त्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. आता बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं. "सर, त्या दिवशी तुम्ही…" पुढे काही येईना.

तेवढ्यात ओवाळणीसाठी कोणीतरी हॉलचे दिवे घालवले. आणि अंधारात परशुरामभाऊंचा आवाज आला, "अहो, प्लग कुठाय इथे? प्लग! सुधीरराव, ती वायर द्या!"

"परशुरामभाऊ, नको," मी म्हटलं. उशीर झाला होता.

रोहिणी पेटली. मी गच्चीवर रागाने बघितली होती, तेव्हा नीट बघितली नव्हती. दिवे आतून लागल्यामुळे कागद नाहीसा झाला होता आणि प्रत्येक फासळीची काळी रेघ उमटली होती, टोकापासून टोकापर्यंत. कारखान्यात असते तशी, कापड चढवण्याआधीची रोहिणी. मी कितीही अचूक रंगवली असती तरी एवढी खरी दिसली नसती.

सरांची मान वळली. ते पुढे झुकले. शाल घसरली, कोणी उचलली नाही. बराच वेळ ते त्या उजेडाकडे बघत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

"रेडकर," ते म्हणाले. समोर बघतच. "डावा पंख."

मला काही सुचण्याआधी हौसाबाईंनी बोट पुढे केलं. त्यांनीच चिकटवलेल्या झिरमिळ्यांच्या खाली ते घातलं आणि पंख वर उचलला. हळू. समतल झाला तसा धरून ठेवला.

संचिता ताम्हन घेऊन थांबली होती. सगळे थांबले होते. पंख समतल म्हणजे वैमानिक तयार, हे मैदानावर शिकलेले त्या हॉलमध्ये दोघंच होतो, सर आणि मी.

सरांनी उजवा हात मांडीवरून उचलला. अंगठा वर केला.

"जा," ते म्हणाले.